अकरा वर्षांतली पहिली चूक

"वकीलसाहेब, तुम्ही विश्वास ठेवणार नाही," मी म्हणालो, "पण राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचा एक अख्खा खटला या दोन हातांनी जिंकलेला आहे. हे दोन हात आणि एका वानराची शेपटी. तिसरं कुणी नाही."

आमच्या टेबलावर हशा पिकला. निखाडे वकिलानं खुर्ची पुढे ओढली, ठवकर वकीलबाईंनी चहा सांगितला. दोघंही तिशीच्या आतले, काळ्या कोटाची घडी अजून न मोडलेले. पलीकडच्या टेबलावर कुणी पांढऱ्या केसांची बाई पाठमोरी बसली होती, तिनं मान वळवली नाही. बाकी कँटीन रिकामं होतं. सकाळीच हायकोर्टात डबीर साहेबांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले होते. अॅडव्होकेट अच्युतराव डबीर, एके काळचे सरकारी वकील. नव्वदी ओलांडून गेले. मीही धुतलेली टोपी घालून मागच्या भिंतीशी उभा राहिलो. मी नथ्थू कोहपरे, या कोर्टाच्या वकिलांच्या लायब्ररीत चौतीस वर्षं शिपाई होतो. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण कुणी गेलं की येतो. माझ्या ओळखीची माणसं आता त्याच निमित्तानं एकत्र भेटतात.

"मागच्या खेपेला दोन वानरं होती, नथ्थूजी," निखाडे म्हणाला.

"त्यातलं एक वारलं. दुखवट्याचा दिवस आहे, आज तरी मला खोटं पाडू नका."

"बरं बरं. सांगा."

तर साल सत्त्याऐंशी. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. आज तुम्ही बोट फिरवता आणि निकाल हजर होतो. तेव्हा बोट म्हणजे मी. उद्या ज्याचा खटला, त्या वकिलानं आदल्या दिवशी पुस्तकांची यादी पाठवायची. मी शिडी लावून खंड काढायचे, सांगितलेल्या पानात खुणेची चिठ्ठी घालायची, आणि ज्याचा त्याचा गठ्ठा बांधून सकाळी कोर्टात ज्याच्या त्याच्या टेबलावर मांडायचा. या पक्षाचा मीच आणि त्या पक्षाचाही मीच. म्हणजे उद्या कोण कोणाला कुठल्या पानावर लोळवणार, हे आदल्या संध्याकाळी दोघांनाच ठाऊक असायचं, एक देवाला आणि दुसरं मला. देवाला इंग्रजी येत असेल, मला फक्त आकडे आणि ठळक अक्षरं यायची. पण तोंड बंद ठेवायला इंग्रजी लागत नाही. इकडची यादी तिकडे सांगायची नाही, इकडचं पुस्तक तिकडे जाऊ द्यायचं नाही. अकरा वर्षं झाली होती मला, एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं.

"चिठ्ठ्यांचं सांगा ना," ठवकरबाई म्हणाल्या. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली असावी.

चिठ्ठ्या सगळ्यांच्या सारख्याच, जुन्या बोर्डाच्या, म्हणजे खटल्यांच्या रोजच्या यादीच्या, पाठकोऱ्या कागदाच्या. फक्त डबीर साहेबांच्या वेगळ्या. त्यांच्या खोलीत भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असायचं. सकाळी आल्यावर कोट खुंटीला लावायच्या आधी साहेब कालचं पान फाडायचे. ते फेकायचे मात्र नाहीत. त्या पानाच्या पाठीवर पृष्ठक्रमांक लिहायचा आणि तीच खूण पुस्तकात घालायची. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "नथ्थू, कालचा दिवस अगदीच फुकट गेला असं वाटू नये म्हणून हे." माणूस असा होता. बोलायला तिखट, युक्तिवादाला उभा राहिला की समोरचा वकील पाणी मागायचा.

आणि त्या वेळी समोर कोण होतं? सुलक्षणा रंगारी. वकिलीला दीड वर्ष झालेली पोर, हुशार, पण बोलायला लागली की धरणाचं दार उघडल्यासारखी. न्यायमूर्ती दर दोन वाक्यांना म्हणायचे, "सावकाश, सावकाश." ते म्हणाले की ती आणखी घाबरायची आणि आणखी वेगानं सुटायची.

तिची अशील भागाबाई नान्हे. वैनगंगेच्या एका घाटावरची ढिवराची बाई. नवरा गेल्यावर वीस वर्षं स्वतः डोंगा चालवून माणसं पैलतीराला नेणारी. एके दिवशी सरकारी खात्याचा कागद आला की तुझा परवाना रद्द. तुझ्याविरुद्ध तक्रार आहे, डोंग्यात जास्त माणसं बसवतेस. तक्रार कोणाची, सांगितलं नाही. तुझं म्हणणं काय, विचारलं नाही. घाट मोटारबोटवाल्याला दिला आणि बाईचा डोंगा ओढून तहसिलीच्या आवारात पालथा घातला.

सोमवारी दुपारी ती आमच्या लायब्ररीबाहेर माठाशेजारी बसली होती. मी विचारलं, "बाई, जेवलीस का?"

"जेवन सोड, बापू. लाकूड पाण्यात राह्यते तोवर जितं राह्यते. उन्हात ठेवलं का तडकते. महिना झाला माह्या डोंग्याले पाणी नाही. फळ्यांतून आता बोट जाते आरपार. उद्या तारीक लांबली तं कोर्टाची सुट्टी लागन म्हणते वकीलबाई. मंग जूनमंदी मले डोंगा नाही, सरपन भेटन."

एवढ्यात डबीर साहेब माठावर पाणी प्यायला आले. पेला भरून घेतला आणि हातातच धरून उभे राहिले. बाईनं पदर सावरून त्यांना जागा करून दिली. तिला काय माहीत हा समोरच्या बाजूचा वकील. साहेबांनी पेला तसाच भरलेला ठेवला आणि गेले.

"पाणी प्यायलेच नाहीत?" निखाडेनं विचारलं.

"माठ नवा होता. मातीचा वास येत असेल," मी म्हणालो.

मग सुलक्षणाताई धावत आल्या. "नथ्थूजी, कायद्याच्या मासिकाचा नवा अंक आला का? म्हणतात त्यात दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचा एक निकाल आहे, आमच्यासारखाच."

"आलाय ताई. पण एकच प्रत. डबीर साहेबांकडे गेलीय."

"परत कधी?"

"उद्याचा खटला झाल्यावर."

ताई शेल्फाला धरून उभ्या राहिल्या. मला सगळं कळत होतं, पण अकरा वर्षांचं कुलूप तोंडाला होतं. तरी म्हटलं, "ताई, जुने तीन खंड आहेत, ते काढून ठेवतो." त्यांनी मान हलवली. जुन्या खंडांनी काही व्हायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता वानर.

"आलं!" निखाडे टेबलावर थाप मारून म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी साहेबांनी तो अंक परत पाठवला, उद्याच्या त्यांच्या गठ्ठ्यात ठेवायला. मी दोन गठ्ठे बांधत बसलो होतो. डावीकडे सरकारचा, उजवीकडे ताईंचा. खिडकीत बघतो तर हे एवढं काळतोंड्या वानर. चांगलं साडेचार फूट. शेपटी वेगळी. आमच्याकडे बांधणीवाला पुस्तकांना गव्हाची खळ लावायचा, तिच्या वासानं आलं असणार. आत उडी मारली ते थेट न्यायमूर्तींसाठी राखलेल्या खुर्चीत मांडी घालून बसलं. समोरचा खंड ओढला. अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं...

"थुंकी लावून?" ठवकरबाई.

"आपल्या निम्म्या वकिलांपेक्षा बऱ्या सवयीचं होतं. पान दुमडत नव्हतं."

मी पुस्तकं झटकायचा कुंचा घेतला. ते शिडीवर. मी शिडीवर तर ते फौजदारीच्या कपाटावर. मी म्हटलं, बाबा, तिथे जामीन लवकर मिळत नाही, खाली ये. त्यानं माझ्या डोक्यावरून उडी घेतली आणि जाता जाता शेपटीनं दोन्ही गठ्ठे साफ भुईसपाट केले. तेवढ्यात वीज गेली. अंधारात मी चाचपडत पुस्तकं गोळा केली, अंदाजानं दोन गठ्ठे बांधले, कुलूप लावलं आणि घरी गेलो. सकाळी कुलूप काढलं, गठ्ठे उचलले ते थेट कोर्टात.

मंगळवारी खटला निघाला साडेअकराला. बोलणं सगळं इंग्रजीत, मी तुम्हाला मराठीत सांगतो. डबीर साहेब उभे राहिले. त्यांच्या मागच्या खुर्चीत खात्याचा साहेब बसलेला, जाड फाइल मांडीवर, मधून मधून पुढे वाकून साहेबांच्या कानात बोलणारा. डबीर साहेब म्हणाले, परवाना हा हक्क नाही. ती शासनाची मेहेरबानी आहे. दिली तशी काढून घेतली. त्यात बाईला विचारायचं काय?

न्यायमूर्तींनी ताईंकडे पाहिलं. "याला उत्तर आहे? नसेल तर सुट्टीनंतर बघू."

मागच्या बाकावर भागाबाई होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तारीख लांबतेय हे तिला न्यायमूर्तींच्या हातवाऱ्यावरून समजलं. ती उभी राहिली. पट्टेवाल्यानं तिला खांद्याला धरून बसवलं.

ताईंनी हात पुढे केला, गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक घ्यायला. वर जुना खंड नव्हताच. नवा अंक! त्यातून कॅलेंडरचं पान डोकावत होतं. ताईंनी ते पान पाहिलं, त्याच्या पाठीवर पाहिलं, मग डबीर साहेबांकडे पाहिलं. साहेब चष्मा पुसत होते.

आणि ताईंनी वाचायला सुरुवात केली. बाप्पा! ती पोर, जी एका श्वासात तीन परिच्छेद गिळायची, ती त्या दिवशी असं वाचत होती की जणू जात्यातून एकेक दाणा पडतोय. त्या हायकोर्टानं म्हटलं होतं की मेहेरबानी परत घेता येते, पण त्या मेहेरबानीवर ज्याची चूल पेटते त्याला आधी विचारावं लागतं. जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास नव्हे, ज्यानं पोट भरतं तेही त्यात आलं. एकविसावं कलम. ऐकून न घेता हिरावलं तर तो हुकूम कागदाच्या किमतीचाही नाही. निकालाच्या मागे कुणा जाणकाराचं टिपण छापलेलं होतं. न्यायमूर्तींनी अंक मागून घेतला आणि तेही स्वतः वाचलं. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग त्यांनी अंकाच्या पाठीवरची नोंद पाहिली. "डबीर, हा अंक तुमच्या नावावर दिसतो."

"होय, मायलॉर्ड."

"मग तो तिकडे कसा?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. खात्याचा साहेब लाल झाला होता. डबीर साहेब म्हणाले, "लायब्ररीची काही गफलत झालेली दिसते."

मी दारातून पुढे आलो. हात जोडले. "माझी चूक, साहेब. गठ्ठे कालवले."

"यावर तुम्हाला काही म्हणायचंय, डबीर?"

"निकाल कोर्टासमोर आला आहे, मायलॉर्ड. आता तो आलाच नाही असं मला म्हणता येणार नाही."

झालं! हुकूम रद्द. डोंगा त्याच दिवशी पाण्यात सोडावा, खात्याला काही करायचंच असेल तर आधी बाईचं ऐकावं. भागाबाईला मी बाहेर आणून सांगितलं. ती सरळ माठाकडे गेली. माठातून पाणी घेतलं, दोन पेले घटाघटा प्यायली, आणि मग भिंतीला टेकून रडली.

"आणि तुमचं काय झालं?" ठवकरबाईंनी विचारलं.

"लेखी ताकीद. कर्तव्यात कसूर. माझ्या सर्व्हिस बुकात तेवढा एकच डाग. फ्रेम करून घरी लावलाय. बायकोनं लग्नाच्या फोटोशेजारी जागा दिली, म्हणाली, दोन्ही कागदांवर तुमची चूकच आहे."

दिवाळीनंतर भागाबाई शिंगाड्यांचं गाठोडं घेऊन आली. अर्धे ताईंना, अर्धे मला. म्हणाली, "बापू, डोंगा फुगून आला पाण्यात. फळ्या मिटल्या आपोआप." माझ्या वाट्यातले निम्मे मी डबीर साहेबांकडे पाठवले. माझ्यामुळे त्यांची शोभा झाली होती, मला लाज वाटत होती ना! साहेब मोठ्या मनाचे. तेव्हापासून दर एक जानेवारीला ते मला रोज फाडायचं कॅलेंडर द्यायचे, न चुकता. तर अशी गोष्ट. एका वानरानं घटनेचं रक्षण केलं, आणि हे तुम्हाला कुठल्याही पुस्तकात...

"खोटं," पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. "साफ खोटं."

पाठमोरी बाई वळली. सुलक्षणाताई रंगारी. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्या, केस सगळे कापूस. निखाडे आणि ठवकरबाई ताडकन उभे राहिले.

"बसा बसा. उलटतपासणी माझी आहे." ताई आपला कप घेऊन आमच्या टेबलावर आल्या. "नथ्थूजी, वानर कधी आलं?"

"सोमवारी संध्याकाळी, ताई."

"गठ्ठे तेव्हाच कालवले?"

"तेव्हाच."

"कुलूप तुम्हीच लावलंत?"

"मीच."

"सकाळी उघडून गठ्ठे सरळ कोर्टात. मधे कुणाचा हात लागला नाही?"

"कुणाचा लागणार?"

ताईंनी पर्समधून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. त्यात पिवळं पडलेलं एक पान होतं. "निखाडे, वाच. काय छापलंय?"

"सोमवार, वीस एप्रिल."

"ही खूण त्या दिवशी त्या अंकात होती. डबीर साहेब सोमवारचं पान कधी फाडायचे? आत्ताच ऐकलंस तू."

निखाडे माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "मंगळवारी सकाळी."

"म्हणजे कुलूप लावल्यानंतर. आता उलट कर. काय लिहिलंय?"

ठवकरबाईंनीच पान उलटलं आणि वाचलं, "पान ४१२. सावकाश वाचावे."

कँटीनवाला पोह्यांची कढई खरवडत होता, तो थांबला.

"स्वतःसाठी घातलेल्या खुणेवर कुणी असं लिहितं?" ताई म्हणाल्या. "अक्षर मी तिथेच ओळखलं होतं. डबीर साहेबांचं नाव खराब होईल म्हणून मी छत्तीस वर्षं गप्प राहिले. तुम्ही तर ताकीद घेऊन गप्प राहिलात, वर वानराची गोष्ट रचलीत. आज सकाळी आपण त्यांच्यासाठी उभे राहिलो. आता कुणाला वाचवताय? सांगा, काय म्हणाले होते ते?"

मी टोपी काढली. पुन्हा घातली.

"सकाळी नऊला मी कुलूप काढत होतो," मी म्हणालो. "साहेब पायरीवर उभे होते, एका हातात कोट, दुसऱ्या हातात कॅलेंडरचं कालचं पान. मला म्हणाले, 'नथ्थू, अकरा वर्षांत तुझ्या हातून कधी चूक झाली का रे?' म्हटलं, 'एक नाही, साहेब.' तर म्हणाले, 'मग आज एक करशील? मला ती करता येत नाही. माझ्यामागे ते साहेब बसलेले असतात.'"

ताईंनी पान पाकिटात घातलं, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

ठवकरबाईंनी विचारलं, "आणि... वानर?"

"वानर खरं होतं," मी म्हणालो. "त्या बिचाऱ्याला यात ओढू नका."

ताईंनी पदर डोळ्यांवरून काढला, नाक ओढलं, आणि सगळ्या कँटीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लायब्ररीच्या खिडक्यांना जाळी होती, नथ्थूजी!"